कानामागे जाणारी काठी

माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या कपाळावर मी गोल्फची काठी मारली, ही गोष्ट खरी आहे. मारताना माझं तोंड दुसरीकडे होतं, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट आहे. पण आमच्या नातेवाइकांत पहिली गोष्ट सगळे सांगतात आणि दुसरी मला एकट्याला सांगावी लागते.

लालबागच्या चाळीत गोल्फची काठी आलीच कशी, असं तुम्ही विचाराल. विचारा! संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत लालबागबद्दल कुणी असा प्रश्न केला असता तर मी बाह्या सरसावल्या असत्या. आता वय झालंय, म्हणून नुसतं उत्तर देतो.

मी, दत्ताराम परब, तेव्हा बंदराजवळच्या एका आगबोट कंपनीत कारकून होतो. आमचा साहेब स्कॉटलंडचा. रोज कुठे ना कुठे सभा, कुठे ना कुठे मोर्चा, अशी धामधूम सुरू झाली आणि साहेबाने एक दिवस गाशा गुंडाळला. (त्याला पेन्शन लागली होती, चळवळीचा काही संबंध नव्हता, पण चाळीत मी ‘आम्ही त्याला घालवला’ असंच सांगितलं.) जाताना त्याने आपलं सामान वाटलं. हेडक्लार्कला घड्याळ मिळालं, शिपायाला रेनकोट मिळाला आणि माझ्या वाट्याला आली ही लोखंडी टोकाची काठी. देताना तो हसला आणि म्हणाला, परब, तू हिचं करणार काय? मी इंग्रजीत ठणकावून सांगितलं, खेळणार. त्यावर तो एवढंच म्हणाला, ‘‘लालबागमध्ये?’’

बस्स. तो शब्द मला असा झोंबला की दुसऱ्या दिवसापासून मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गोल्फ खेळायला सुरुवात केली. चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा, मैदान म्हणजे जिना ते संडास. शिकवणारा कुणी नव्हता, पण मला त्याची गरजही वाटली नाही. साहेबाच्या केबिनमध्ये त्याचा स्वतःचा एक मोठा फोटो होता: अंग पिळवटलेलं, काठी खांद्यावरून पार मानेमागे गेलेली, नजर लांब. तो फोटो मी सहा वर्षं रोज पाहिला होता. त्यावरून मी हिशेब बांधला, की आधी काठी तिथपर्यंत न्यायची आणि मग मारायची. म्हणून मी काठी उजव्या खांद्यावर घ्यायचो, मानेला वळसा द्यायचो आणि तिचं लोखंड डाव्या कुशीला टेकलं की मगच चेंडूकडे बघायचो. एवढी लांब काठी मागे नेणारा माणूस जगात दुसरा नसेल. मला त्याचा अभिमानच होता.

आमच्या घरात आम्ही तिघं. आई गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, रिळांवर. मी असा. आणि धाकटी बहीण कुसुम, मॅट्रिक होऊन घर सांभाळणारी. कुसुमला शिवडीच्या गोदामातल्या मधू धुरीचं स्थळ आलं होतं. ‘आलं होतं’ असं आम्ही म्हणायचं. खरं तर ती दोघं कामगारांच्या सभांना जाऊन जाऊन एकमेकांना चांगली ओळखत होती. तो घोषणा द्यायचा आणि ही बायकांच्या घोळक्यातून सगळ्यात मोठ्याने जबाब द्यायची. वडीलधाऱ्यांनी रीतसर पोहे खाऊन ‘हो’ म्हणायचं, तेवढंच बाकी होतं. कुसुमचा जीव त्या स्थळात अडकला होता. हे मला ठाऊक होतं, ही कबुली मी आधीच देऊन टाकतो.

रविवारी सकाळी दहाला पाहुणे यायचे होते. आईने मला बजावलं, ‘‘मेल्या, आज तरी तो दांडको खाली ठेय.’’ मी म्हटलं, दहाला ठेवतो. पाहुणे साडेनऊला आले! बघायच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी येऊ नये, हा माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. काठी नेहमीसारखी निघाली, मानेकडे वळली आणि मधेच कशावर तरी आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर काळी टोपी हातात घेतलेले, कपाळ धरलेले एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यामागे मधू.

मधूचे वडील, बाबल धुरी.  त्यांनी आधी काठीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग माझ्या खांद्याकडे. तेव्हा मला वाटलं, हे मला कुठून मारायचं ते बघतायत.

आईने धावत येऊन त्यांच्या कपाळाला हळद लावली आणि मला म्हणाली, माफी माग. मी मागितली नाही. गॅलरी आमची, वेळ माझी, काठी साहेबाने दिलेली, माफी कशाची? आज हे वेड्यासारखं वाटेल, पण माफी मागायची सवय लागली तर मुंबई हातची जाईल, असं तेव्हा आम्हाला मनापासून वाटायचं. मी ताठ उभा राहिलो. धुरी आत जाऊन बसले. कुसुमने पोहे आणले तोवर त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, आणि पिवळंधमक. पोहे खाता खाता आईने विचारलं, आपण कुठे कामाला? तेव्हा कळलं, की वरळीच्या अंगाला साहेबलोकांच्या एका क्लबाचं गोल्फचं मैदान आहे, तिथे ते बावीस वर्षं हेडमाळी आहेत. अख्ख्या मुंबईत गोल्फ जाणणारी मालवणी माणसं असून असून किती असणार! त्यातला एक नेमका माझ्या काठीखाली सापडला होता.

जाताना त्यांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. कुसुम माझ्याशी चार दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पण ते असं ठेवायची की आमटी माझ्या मांडीवर यायची.

पाचव्या दिवशी संध्याकाळी धुरी एकटेच आले. टेंगूळ उतरलं होतं, पण जागा काळीनिळी होती. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सरळ बोलले. ‘‘पोरगी माका पसंत आसा. झिलाक पण पसंत आसा. पण ज्या घरात हात आवरूक येना नाय, थंय मी सोयरिक करूचंय नाय.’’

मग त्यांनी अट सांगितली. त्यांना हुंडा नको होता, मानपान नको होता. माझी काठी फार मागे जाते. ती कानापर्यंत गेली पाहिजे, कानामागे जाता कामा नये. पुढच्या हरताळाला मैदानावर साहेबलोक येणार नाहीत. त्या दिवशी त्यांच्यासमोर मी एक चेंडू मारायचा. काठी कानाशी थांबली तर तिथल्या तिथे सुपारी फुटेल, मागे गेली तर त्यांचा रामराम. मी साहेबाच्या फोटोचा दाखला दिला. ते माझ्याकडे कणवेने बघत राहिले. म्हणाले, ‘‘परब, तो फोटो मारून झाल्यावरचो.’’

 तीन महिने मी शेवटाकडून सुरुवात करत होतो! पण अशी चूक लगेच मान्य केली तर मी परब कसला! मी म्हटलं, काठी माझी आहे, ती किती मागे न्यायची ते माझं मी ठरवीन. तेवढ्यात कुसुमने हातातलं पातेलं जमिनीवर ठेवलं. जोरात नाही, हळूच ठेवलं. पण तिच्याकडे बघितल्यावर मी पुढे म्हणालो, ‘‘ठरवलं. कानापर्यंत.’’

आता तुम्हाला वाटेल, त्यात काय कठीण आहे. मागे जाणारा हात थोडा आधी थांबवायचा. तुम्ही करून बघा. हात निघाला की तो मानेमागे जाऊनच थांबायचा. मी त्याला दटावलं, शपथा घातल्या, ‘कान, कान’ असं मोठ्याने म्हणत काठी उचलली. हात ऐकेना. (आमच्या घरात कुणीच कुणाचं ऐकत नाही, त्यातून हा तर माझाच हात!) आणि हरताळ येणार की नाही, हा त्या काळी प्रश्नच नव्हता, फक्त कधी तेवढंच कळायचं बाकी असायचं.

आई म्हणाली, बांधून टाक. तिने जुन्या लुगड्याची पट्टी काढली आणि माझं उजवं कोपर कमरेशी आवळून बांधलं. युक्ती नामी होती. मी गॅलरीत उभा राहिलो, काठी उचलली. कोपर जागचं हललं नाही. मग त्या सगळ्या जोराने जावं कुठे? तर मीच फिरलो. भोवऱ्यासारखा पूर्ण एक फेरा घेतला आणि काठी जाऊन भिंतीशी टेकून ठेवलेल्या संयुक्त महाराष्ट्रावर बसली.

हा संयुक्त महाराष्ट्र प्लायवुडचा होता. शेजारचे तात्या मेस्त्री गिरणीत सुतारखात्यात होते. प्रभातफेरीच्या पुढे धरायला त्यांनी महिनाभर खपून नकाशा कापला होता आणि रंग वाळायला गॅलरीत ठेवला होता. बेळगाव, कारवार, सगळं जागच्या जागी. मुंबई त्यांनी प्रेमापोटी जरा मोठीच काढली होती, कोल्हापूरपेक्षा मोठी, लालभडक, समुद्रात चांगली पुढे आलेली. माझी काठी नेमकी तिथे लागली. काडकन आवाज झाला आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी होऊन कठड्यावरून तीन मजले खाली गेली.

सगळा मजला बाहेर आला. तात्या खाली गटाराकडे बघत राहिले आणि मग सावकाश म्हणाले, ‘‘दिल्लीला जमलं नाही, ते दत्तारामाने करून दाखवलं.’’

तासाभरात सभा भरली. त्या दिवसांत कशाचीही सभा भरायची. मला मधे उभं केलं, कोपर अजून कमरेला बांधलेलं! फितूर हा शब्द दोनदा आला. कुणी म्हणालं काठी जप्त करा, कुणी म्हणालं परबांना प्रभातफेरीतून काढा. मीही ऐकून घेणारा नव्हतो. मी म्हटलं, मुंबई पडली हे कबूल, पण पडली कुठे? लालबागच्या गटारात! म्हणजे राहिली आपल्याकडेच! याला टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. पडल्या नाहीत. शेवटी तात्यांनी ठराव मांडला, की मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत परबांनी गॅलरीत काठी उचलू नये. ठराव एकमताने पास झाला. आमच्या घरातलीही दोन मतं ठरावाच्या बाजूने पडली.

मी स्वतः खाली जाऊन मुंबई शोधून आणली, धुतली, आणि तात्यांनी ती चार स्क्रू मारून बसवली. पण आता सराव कुठे करणार? गॅलरी बंद. गच्चीची किल्ली तात्यांकडे. मैदानात रोज सभा. त्यातच हरताळाची तारीख जाहीर झाली, बारा दिवसांवरची. कुसुम त्या रात्री जेवली नाही. मला एकदम फार अपराधी वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून मी तिच्यावरच खेकसलो, की एवढं काय मोठं स्थळ लागून गेलंय!

ती रडेल असं वाटलं होतं. ती उठली, मोरीतून धुण्याची मोगरी घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, ‘‘उद्या सकाळी नळ आला की तू धुणं धुवायचंस. काठीचं नाव काढू नकोस.’’

आमची मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला अडीच हाताचा चौकोन. तीन बाजूंना भिंत. डोक्यावर उजवीकडे फळी आणि फळीवर पिण्याच्या पाण्याने भरलेला पितळी हंडा. मी मोगरी घेऊन बसलो, कुसुमने पुढ्यात चादर टाकली. मी मोगरी नेहमीच्या पद्धतीने मागे नेली. ती फळीला लागली आणि हंडा माझ्या डोक्यावर रिकामा झाला. कुसुमने हंडा भरला, वर ठेवला आणि म्हणाली, पुन्हा.

पहिल्या दिवशी तीन हंडे झाले. दुसऱ्या दिवशी दोन. (पाणी गेलं म्हणून आई करवादत होती, पण कुसुम तिलाही बधली नाही.) कुसुम सांगायची, जोर मागे नेऊन येत नाही, मनगट सैल सोडून येतो, ती स्वतः इतकी वर्षं त्याच जागेत धूत होती आणि तिचा हात कधी कानाच्या वर गेला नव्हता. तिने एक चादर धुऊन दाखवली. हात जेमतेम वीतभर वर आला आणि दणका असा बसला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. रोज तिच्या शेजारी जेवत होतो आणि तिला हे येतं, याची मला खबर नव्हती.

कुसुमने दार लोटून घ्यायला सांगितलं होतं. मी उघडं ठेवलं. लाजायचं कशाला? मजल्यावरच्या बायका पाण्याच्या कळश्या घेऊन मुद्दाम आमच्या दारावरून फेऱ्या मारू लागल्या. पुरुष ‘आमचेही दोन सदरे आहेत’ म्हणून विचारून गेले. मी सगळ्यांना सांगितलं, मी गोल्फ शिकतोय. ते ऐकून तर लांबच्या चाळींतूनही लोक बघायला आले. मी मान वर करून धूत राहिलो. चादरी धुतल्या, सतरंज्या धुतल्या, आईची लुगडी धुतली. सहाव्या दिवशी हंडा हलला नाही. दहाव्या दिवशी मी डोळे मिटून मोगरी मारत होतो आणि हात आपसूक कानाशी थांबत होता. काठी मात्र मी बारा दिवस हातात धरली नव्हती.

हरताळाच्या दिवशी मुंबई चिडीचूप होती. गिरण्यांचे भोंगे नाहीत, ट्रामची घंटा नाही. आम्ही तिघं चालत निघालो. मागोमाग तात्या निघाले, कारण ‘ठराव फक्त गॅलरीपुरता होता’ याची खात्री त्यांना करून घ्यायची होती. क्लबाच्या मागच्या फाटकाशी धुरी आणि मधू उभे होते. आत पाऊल टाकलं. एवढं गवत, एकसारखं कापलेलं, आणि त्यावर एकही माणूस नाही. आईने चपला काढून हातात घेतल्या. मैदानभर नजर फिरवली आणि म्हणाली, ‘‘हयसर किती भात पिकला असता!’’

धुरींनी खिशातून एक खरा पांढरा चेंडू काढला, गवतावर ठेवला आणि स्वतः येऊन माझ्या उजव्या हाताला मागे उभे राहिले. त्या दिवशी जिन्यात होते तितक्याच अंतरावर. टोपी काढली. कपाळ मोकळं केलं.

मी म्हटलं, धुरीकाका, बाजूला व्हा. ते म्हणाले, ‘‘मी हयसरच उभो रवतलंय.’’

 इतके दिवस सगळ्यांशी भांडताना मी घाबरलो नव्हतो; आता घाबरलो. चेंडू कुठेही जावो, पण हात कानामागे गेला तर कुसुमचं लग्न मोडणार होतं, आणि ते मी मोडणार होतो. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं आणि ती मधूकडे बघत नव्हती, माझ्या कोपराकडे बघत होती. मी डोळे मिटले. मनात पुढ्यात चादर अंथरली, डोक्यावर हंडा ठेवला आणि मारली.

काठी कानाशी थांबली. तिथून खाली आली ती चादरीवर येते तशी, सरळ. जमिनीत रुतली. पाटाएवढं गवताचं ढेकूळ उडालं, हवेत गेलं आणि तात्यांच्या पायाशी पडलं. चेंडू पंचवीस-तीस पावलं गडगडत गेला आणि दमल्यासारखा थांबला.

मी मागे वळून पाहिलं. धुरींचं कपाळ शाबूत होतं, पण चेहरा पडला होता. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ज्या गवतावर बावीस वर्षं हात फिरवला, त्याला पडलेल्या खड्ड्याकडे बघत होते. त्यांनी ढेकूळ उचलून आणलं, गुडघ्यावर बसून खड्ड्यात बसवलं, तळव्याने चारी बाजूंनी दाबलं. मग उठले, हात झटकले आणि आईला म्हणाले, ‘‘हात आवरलो. सुपारी काढा.’’

कुसुम मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मधूने तिथल्या तिथे घोषणा दिली, त्या घोषणेला तात्यांनी जबाब दिला. मी एवढा खूश झालो की मला पुन्हा ऊत आला. मी काठी धुरींपुढे धरली आणि म्हटलं, आता तुम्ही. ते मागे सरकले. नोकरांनी काठी धरायची नाही असा तिथला कायदा होता. बावीस वर्षांत त्यांनी एकही चेंडू मारला नव्हता. मी म्हटलं, ‘‘धुरीकाका, आज हरताळ आहे. आज इथे साहेब नाही आणि माळीही नाही.’’

 मग त्यांनी ती घेतली, सदऱ्याने दांडा पुसला, चेंडू ठेवला. हात कानाच्या जरा खालीच थांबला. फार जोर लावलेला दिसला नाही. चेंडू उठला, पोफळीच्या झाडाएवढा वर गेला आणि लांबच्या गवतात एकदाच उसळून थांबला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धुरी तो गेला त्या दिशेला बघत उभे राहिले. त्या साहेबाला पत्र लिहून हे सांगावं, असं मला फार वाटलं. मला त्याचा पत्ता ठाऊक नव्हता.

लग्न दोन महिन्यांनी झालं, चाळीच्या गच्चीवर. किल्ली तात्यांनी स्वतः आणून दिली. पंगतीत धुरी माझ्या शेजारी होते. दोन जिलब्या पोटात गेल्यावर ते सहज म्हणाले, की त्या रविवारी रागाच्या भरात त्यांनी नकार द्यायचं नक्की केलं होतं. पण चौथ्या दिवशी कुसुम एकटी चालत क्लबाच्या फाटकाशी गेली आणि त्यांना म्हणाली, नकार देऊ नका, माझ्या भावाला एक अट घाला. हात आवरायची अट तिनेच सांगितली होती.

मी उष्ट्या हाताने उठलो. मुंडावळ्या बांधलेल्या नवरीला जाऊन जाब विचारला, की हे काय? आणि मी नापास झालो असतो तर?

ती म्हणाली, ‘‘तर माझं नशीब. पण तू होणार नव्हतास. हट्टी आहेस.’’ मग आवाज खाली करून म्हणाली, ‘‘दादा, रिळं धरून धरून आईची मनगटं सुजलीयत, कधी बघितलीस? मी गेल्यावर धुणं कोण धुणार होतं? तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?’’

ऐकलं नसतं. शपथेवर सांगतो, ऐकलं नसतं. मी आईकडे पाहिलं. ती पाहुण्यांना पानसुपारी देत होती आणि तबक दोन्ही हातांच्या कोपरांवर पेलून धरत होती. किती महिने ती तसं धरत होती, देव जाणे. मला रडू आलं, म्हणून मी कुसुमला मोठ्याने सांगितलं, की मला असं फसवून कुणी काही करून घेऊ शकत नाही. मी परब आहे. सगळा मांडव ऐकेल असं सांगितलं.

सोमवारी सकाळी नळ आला तेव्हा मी मोरीत होतो. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लक्षात घ्या! स्वतःच्या मर्जीने. सगळं धुणं धुतलं, पिळलं, गॅलरीत तारेवर टाकलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, कुणी हसतंय का बघत. कुणी हसलं नाही. आई कामावर निघाली होती. ती तारेपाशी थांबली, माझा ऑफिसचा सदरा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘कॉलर निघाली नाय. परत धू.’’

साहेबापुढे, चाळीपुढे, व्याह्यांपुढे आणि खुद्द दिल्लीपुढे न वाकलेला मी, सदरा घेऊन निमूटपणे मोरीत बसलो.